निळा दिवा लागला, पण पाणी शुद्ध झालं का? घरातला यूव्ही फिल्टर काय करतो, काय करत नाही

मिरगाचा पहिला पाऊस झाला की बेळगाव-खानापूरपासून सत्तरी-पेडण्यापर्यंत बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येते : नळाला लाल पाणी येतंय. कुणी बादलीत तुरटी फिरवतं, कुणी नळाच्या तोंडाला फडकं बांधतं. ज्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर फिल्टर आहे ते मात्र निवांत असतात. बटण दाबलं, निळा दिवा लागला, ग्लास भरला. पाणी शुद्ध झालं, असं धरून चालायचं.

बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तो दिवा लागणं आणि पाण्यातले जंतू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरणांचं, म्हणजे यूव्हीचं तंत्र शंभरहून जास्त वर्षं जुनं आहे, पारखलेलं आहे आणि घरगुती वापरासाठी स्वस्तही आहे. फक्त त्याच्या काही अटी आहेत. त्या विक्रेता सांगत नाही आणि यंत्रावरच्या स्टिकरवरही लिहिलेल्या नसतात.

धरणातून चांगलं निघालेलं पाणी वाटेत बिघडतं

नळाचं पाणी पालिकेनं शुद्ध केलेलं असतं, मग घरात परत यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, पणजी-फोंड्याला ओपाचं, दक्षिण गोव्याला साळावलीचं, इंदूरला जलूदहून चढवलेलं नर्मदेचं, ग्वाल्हेरला तिघऱ्याचं, वडोदऱ्याला आजव्याचं आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं. शुद्धीकरण केंद्रात ते गाळलं जातं, क्लोरीन घातलं जातं. गडबड होते ती पुढच्या पाइपात.

याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या शेजारच्याच शहरातला आहे. २००८ च्या सुमाराला हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या काही ठरावीक भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकीच्या शहराला नेहमीसारखं चार-पाच दिवसांतून एकदा. एकच शहर, एकच पाणी, पण देण्याची पद्धत दोन. संशोधकांना आयती तुलना मिळाली. हुबळी-धारवाडमधल्या दोन्ही भागांतल्या नळांचं पाणी तपासलं गेलं आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू ०.७ टक्के नमुन्यांत सापडला. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात तोच आकडा ३१.७ टक्के होता. जवळजवळ दर तिसरा नमुना.

कारण साधं आहे. पाणी चालू असतं तेव्हा पाइपातला दाब गळतीच्या जागेतून पाणी बाहेर ढकलतो. पाणी बंद झालं की दाब पडतो, आणि त्याच भेगेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचं. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात धोक्याची. पूर्वी घरातल्या बायका पहिलं पाणी अंगणात, झाडांना सोडायच्या. आता मोटर लावून तेच पाणी थेट टाकीत चढतं. शिवाय मोटर लावल्यानं पाइपातला दाब आणखी पडतो, म्हणजे भेगेतून आत येणारी घाण वाढते. ही गोष्ट कुणी बोलत नाही, कारण गल्लीत एकानं मोटर लावली की सगळ्यांना लावावी लागते.

निपाणीपासून तासाभराच्या अंतरावरच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणारा विषाणू त्यामागं होता. ही कावीळ एरवी बरी होते, पण गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतू शकते. घरात गरोदर सून असेल, लहान मूल असेल, तर दोन-तीन महिन्यांपुरतं का होईना, पाण्याकडे नीट बघावंच लागतं.

किरण जंतूचं काय करतात

सूर्यप्रकाशात जिवाणू वाढत नाहीत हे १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये डाऊन्स आणि ब्लंट या दोघांनी दाखवलं. १९१० मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहरात पिण्याचं पाणी अतिनील किरणांनी शुद्ध करण्याचा प्रयोग झाला. पण तेव्हाचे दिवे टिकत नसत, आणि क्लोरीन फारच स्वस्त पडायचं. त्यामुळे हे तंत्र बरीच दशकं मागं पडलं.

घरगुती यंत्रात जी नळी असते ती दिसायला छोट्या ट्यूबलाइटसारखी. आत थोडा पारा असतो. वीज गेली की पाऱ्याच्या वाफेतून जे किरण निघतात त्यांची तरंगलांबी असते २५४ नॅनोमीटर. जंतूच्या पेशीतलं डीएनए नेमकं याच सुमाराचे, २६० ते २६५ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सगळ्यात जास्त शोषून घेतं. शोषल्यावर डीएनएच्या साखळीतल्या शेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात. साखळीची नक्कल करता येईना झाली की जंतूची पुढची पिढी थांबते. म्हणजे जंतू जळत नाही, पाण्यातून नाहीसाही होत नाही. तो तिथंच राहतो, पण वाढू शकत नाही, आणि जो वाढू शकत नाही तो आजारी पाडू शकत नाही. पाण्याची चव बदलत नाही, वास येत नाही, पाण्यात काही मिसळलं जात नाही.

क्लोरीनला दाद न देणारे जंतूही यात सापडतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीनं सुमारे चार लाख लोकांना जुलाब लावले. पाण्यात क्लोरीन होतं, पण या परजीवीचं कवच इतकं जाड की क्लोरीन आत पोचत नाही. नव्वदीच्या शेवटी संशोधकांच्या लक्षात आलं की याच परजीवीला यूव्हीची अगदी थोडी मात्रा पुरते. तेव्हापासून जगभरातल्या मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांनी यूव्हीकडे नव्यानं बघायला सुरुवात केली.

मात्रा हा इथला कळीचा शब्द. किरणांची तीव्रता गुणिले पाणी त्यांच्यासमोर किती वेळ राहिलं, हा हिशोब. तो मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर या एककात मोजतात. क्रिप्टोस्पोरिडियमचे हजारातले ९९९ निकामी करायला १२ मिलिज्यूल पुरतात. अमेरिकेतल्या मानकानुसार, खात्री नसलेल्या पाण्यासाठीच्या घरगुती यंत्रानं किमान ४० मिलिज्यूल मात्रा द्यायला हवी. आधीच सुरक्षित असलेल्या पाण्यावर जादा काळजी म्हणून बसवायच्या यंत्राला १६ चालतात. एक चिवट अपवाद आहे : अॅडिनोव्हायरस. त्याचे दहा हजारातले ९,९९९ निकामी करायला अमेरिकी नियमांत १८६ मिलिज्यूल धरलेत. तो क्लोरीननं मात्र लगेच मरतो. पालिकेचं क्लोरीन आणि घरातला यूव्ही एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांना पूरक ठरतात, ते असं.

घरात या हिशोबाचा अर्थ असा की पाणी जितकं जोरात सोडाल तितका त्याला किरणांसमोर मिळणारा वेळ कमी. म्हणूनच फिल्टरची धार बारीक असते, मिनिटाला साधारण एक-दोन लिटर. ‘धार फार बारीक आहे’ म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडून आतली बारीक जाळी किंवा अडथळा काढून घेणारे लोक आहेत. धार दुप्पट झाली की मात्रा निम्मी होते.

मुंबईत जन्मलेल्या शास्त्रज्ञाचं यंत्र

या तंत्राच्या गोष्टीत एक मराठी नाव मानानं येतं. डॉ. अशोक गाडगीळ यांचा जन्म मुंबईचा. शिक्षण मुंबई विद्यापीठ, आयआयटी कानपूर आणि मग अमेरिकेतलं बर्कले. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याचा एक नवाच प्रकार, ओ-१३९, सापडला आणि तो बघता बघता बंगाल आणि बांगलादेशात पसरला. हजारो माणसं गेली. त्या साथीनं गाडगीळ अस्वस्थ झाले, आणि बर्कलेच्या प्रयोगशाळेत त्यांनी ‘यूव्ही वॉटरवर्क्स’ हे यंत्र तयार केलं.

यंत्रातली युक्ती छोटी पण महत्त्वाची होती. तोवर यूव्हीची नळी पाण्यात बुडवलेली असायची. ती क्वार्ट्झच्या काचेच्या आवरणात असते, आणि पाण्यातला क्षार, लोह, शेवाळ त्या आवरणावर बसत जातं. खेड्यात ती काच कोण दर आठवड्याला पुसणार? गाडगीळांनी नळी पाण्याच्या वर, हवेत टांगली. खालून उथळ तबकातून पाणी आपल्या वजनानं वाहत जातं. नळीला पाणी शिवतच नाही, त्यामुळे काच मळण्याचा प्रश्नच नाही. सुमारे ६० वॅट विजेवर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे तासाला ९०० लिटर पाणी. पंपाची गरज नाही, गाडीच्या बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेचं तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक व्हाइट हाऊसमध्ये देण्यात आलं.

भारतातल्या शहरी घरांत यूव्ही पोचला तो त्याआधी, ऐंशीच्या दशकात, टाय लावून दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या पेटीतून. ‘अॅक्वागार्ड’ हे एका कंपनीच्या फिल्टरचं नाव, पण कितीतरी घरांत आजही कुठल्याही फिल्टरला अॅक्वागार्डच म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा.

गढूळ पाण्यापुढं यूव्ही आंधळा

आता अटींकडे. पहिली आणि सगळ्यात मोठी अट : पाणी स्वच्छ दिसणारं हवं. किरण म्हणजे शेवटी उजेडच. गाळाच्या कणाआड जंतू लपला की त्याच्यावर सावली पडते आणि तो सहीसलामत ग्लासात येतो. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा म्हणतं, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतं. यूव्हीसाठीही हेच आकडे ध्यानात ठेवावेत. पावसाळ्यातलं लाल पाणी याच्या कितीतरी पुढं असतं.

गंमत अशी की ज्या महिन्यांत यूव्हीची गरज सगळ्यात जास्त, त्याच महिन्यांत तो सगळ्यात लंगडा पडतो. यंत्रात यूव्हीच्या आधी गाळाचा फिल्टर असतो, सुताच्या गुंडाळीसारखा दिसणारा. तो पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्यात मातकट होतो. काहींचा तर दोन आठवड्यांत. वार्षिक करारातला माणूस मार्चमध्ये येऊन तो बदलून जातो आणि पुढचा थेट पुढच्या मार्चमध्ये. कोकण आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात हे वेळापत्रक उलटं हवं : जूनच्या सुरुवातीला एक, ऑगस्टमध्ये एक.

फार गढूळ पाणी असेल तर आजीचेच उपाय आधी करावेत. तुरटी चार-सहा वेळा फिरवावी, पाणी तास-दोन तास निवळू द्यावं, वरचं अलगद काढून घ्यावं. आणि मग जुन्या सुती साडीचं फडकं. त्याला कमी लेखू नये. बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांनी जुनी साडी चार घड्या करून त्यातून पाणी गाळलं, तेव्हा कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कॉलऱ्याचा जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते प्राणी घडीच्या कापडात अडकतात. असं निवळलेलं, गाळलेलं पाणी मग यंत्रात जावं.

दुसरी अट काचेची. जांभ्या दगडाच्या भागात विहिरीच्या पाण्यात लोह असतं, तर माळव्यात किंवा दख्खनच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड. लोहानं क्वार्ट्झची काच तांबूस होते, जड पाण्यानं पांढरट. काच मळली की आत दिवा पेटलेला, पण किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला काच बाहेर काढून दाखवायला सांगावं. व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलाच्या म्हणजे सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात ती साफ निघते. तो कंटाळा करेल, तरी सांगावं.

तिसरी अट दिव्याच्या वयाची, आणि इथंच सगळ्यात जास्त फसगत होते. जंतू मारणारे किरण माणसाला दिसत नाहीत. छोट्या खिडकीतून जो निळसर उजेड दिसतो तो त्या नळीतून निघणारा निरुपद्रवी भाग. नळी साधारण आठ ते नऊ हजार तास जळाली की तिचे अदृश्य किरण उतरत जातात, निळा उजेड मात्र तसाच राहतो. सतत चालू असलेल्या यंत्रात हे तास वर्षभरात संपतात. ग्लास भरण्यापुरती जळणारी नळी जास्त वर्षं जाते, पण वारंवार चालू-बंद होण्यानंही तिचं आयुष्य घटतं. म्हणून ‘दिवा लागतोय की अजून’ हे नळी न बदलण्याचं कारण होऊ शकत नाही. चांगल्या यंत्रात किरण मोजणारा सेन्सर असतो आणि मात्रा कमी पडली की तो पाणीच बंद करतो. घेताना दुकानात हाच प्रश्न विचारावा : दिवा गेला किंवा कमजोर झाला तर पाणी आपोआप बंद होतं का? नुसता बझर वाजतो असं उत्तर आलं तर दुसरं यंत्र बघावं.

व्होल्टेजचाही प्रश्न आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की नळी नीट पेटत नाही. पेटल्यावरही पूर्ण ताकदीला यायला तिला मिनिटभर लागतं. त्यामुळे पहिला अर्धा ग्लास भांड्यांना वापरावा. गावाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परतल्यावर तर तीन-चार लिटर सोडूनच द्यावं. यंत्रातला कोळशाचा फिल्टर पाण्यातलं क्लोरीन खेचून घेतो, वास घालवतो, आणि मग क्लोरीन नसलेल्या त्या ओल्या कोळशात जिवाणूंना राहायला छान जागा मिळते. यूव्हीचा दिवा कोळशाच्या नंतर बसवलेला असतो तो याचसाठी.

ग्लासाच्या पुढचं

क्लोरीन पाण्यात शिल्लक राहतं, पुढचे काही तास राखण करतं. यूव्हीचं तसं नाही. दिव्यासमोरून पाणी गेलं की त्याचं काम संपलं. त्याच पाण्यात कुणी हात बुडवला, तांब्या बुडवला, तर ते नळाच्या पाण्याइतकंच उघडं. हुबळी-धारवाडच्या अभ्यासातही घरात साठवलेलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जास्त बिघडलेलं आढळलं होतं. पाहुणे आले, पिंपात ओगराळं बुडवून ग्लास भरले, हे आपल्या घरांतलं रोजचं दृश्य. पिंपाला तोटी बसवणं किंवा लांब दांड्याचं ओगराळं वर टांगून ठेवणं एवढ्यानं बरंच काम होतं. आणखी एक गोष्ट : काही जिवाणू उजेडात आपलं बिघडलेलं डीएनए थोडंफार दुरुस्त करू शकतात. म्हणून पारदर्शक बाटल्या खिडकीत मांडून ठेवण्यापेक्षा झाकलेलं भांडं बरं, आणि पाणी त्याच दिवशी संपवावं.

वीज नसेल तेव्हा काय? पाणी उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू द्यावं, तेवढं पुरतं. रोज दहा लिटर उकळायचं ठरवलं तर साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे चार महिन्यांत एक सिलिंडर निव्वळ पाण्यावर. उलट ११ वॅटचा यूव्ही दिवा दहा लिटर पाण्यासाठी जेमतेम दहा मिनिटं जळतो. ती वीज बिलात दिसणारही नाही. ज्या घरात रोज उकळतात तिथं खर्चाचा हिशोब हा असा उलटा आहे.

आरओ घ्यावा की यूव्ही?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत दुकानदार यूव्ही मागायला गेलेल्या गिऱ्हाइकालाही आरओ दाखवतात. सोबत एक नाट्यप्रयोग असतो. विक्रेता दोन ग्लास ठेवतो, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं, आणि दोन्हींत सळया असलेलं एक विजेचं उपकरण बुडवतो. नळाचं पाणी मिनिटात तपकिरी, घाण होतं. आरओचं तसंच राहतं. घरातली मंडळी हादरतात.

ती घाण पाण्यात नव्हतीच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंडी सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, सळई झिजत नाही. ज्या क्षारांमुळे हे घडतं त्यात शरीराला लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही आले. टीडीएस मीटर दाखवणाऱ्याचंही तेच. तो मीटर पाण्यातले विरघळलेले क्षार मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत. टीडीएस ६० असलेलं पाणी कॉलऱ्याचं असू शकतं आणि ४०० असलेलं पूर्ण निर्धोक.

आयएस १०५०० नुसार टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतो. घाटातून येणाऱ्या नद्यांचं आणि धरणांचं पाणी मुळात हलकं असतं. अशा पाण्याला आरओ लावायचा म्हणजे एक लिटर पिण्यासाठी तीन-चार लिटर मोरीत सोडायचं, तेही पाणी चार दिवसांतून एकदा येणाऱ्या शहरात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये, टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे अशा ठिकाणी आरओवर बंदी घालायचे निर्देश सरकारला दिले ते यासाठीच.

पण याची दुसरी बाजू तितकीच पक्की आहे. पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक किंवा जास्त मीठ असेल तर यूव्ही काहीही करत नाही. हैदराबादजवळच्या नळगोंडा जिल्ह्यातलं फ्लोराइड सगळ्यांना माहीत आहे. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची जी पद्धत बसवली तिला नावच नळगोंडा पद्धत पडलं. अशा भागात बोअरच्या पाण्यावर नुसता यूव्ही लावून निश्चिंत होणं म्हणजे दात आणि हाडं दोन्ही पणाला लावणं. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरमध्ये खतातून उतरलेलं नायट्रेट असू शकतं. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्यापेक्षा जास्त नायट्रेट घातक ठरतं. उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं. तिथं आरओ हवाच, किंवा पिण्यापुरतं दुसरं पाणी.

म्हणजे यंत्र घेण्याआधी पाणी तपासायचं. धरणाचं, नदीचं नळाचं पाणी असेल आणि टीडीएस ५०० च्या आत असेल तर गाळाचा फिल्टर, कोळसा आणि यूव्ही एवढं पुरे. बोअर किंवा आड असेल तर जिल्हा प्रयोगशाळेत एकदा रासायनिक तपासणी करून घ्यावी, आणि टीडीएसवर न थांबता फ्लोराइड, नायट्रेट आणि लोह नाव घेऊन मागावं. जलजीवन मिशनमध्ये अनेक ग्रामपंचायतींना तपासणीचे संच मिळालेत, ते कपाटात पडून असतील तर मागून घ्यावेत.

जंतूंची साधी तपासणी घरीही होते. औषधाच्या बाटलीएवढी एक छोटी बाटली असते, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याची दाट शक्यता. हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरली जाते. अशा दोन बाटल्या आणाव्यात : एकीत नळाचं पाणी, दुसरीत फिल्टरचं. नळाची काळी आणि फिल्टरची स्वच्छ राहिली तर यंत्र काम करतंय. दोन्ही काळ्या झाल्या तर काच, नळी आणि गाळाचा फिल्टर, याच क्रमानं बघायचं. ही तपासणी जूनच्या शेवटी, पाणी सगळ्यात वाईट असतं तेव्हा करावी. मार्चमध्ये सगळेच फिल्टर पास होतात.

खरेदी करताना यूव्ही यंत्रांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १४७२४ हे मानक आहे, त्याचा शिक्का आहे का ते बघावं. हल्ली पाऱ्याऐवजी यूव्ही एलईडी असलेली यंत्रंही येऊ लागलीत. ती २६५ ते २८० नॅनोमीटरचे किरण देतात, बटण दाबताच पूर्ण ताकदीला येतात आणि त्यांत पारा नसतो. मात्र ‘यूव्ही एलईडी’ हे शब्द खोक्यावर असले तरी तो दिवा धार शुद्ध करतो की फक्त साठवण टाकीत शेवाळ वाढू नये म्हणून बसवलाय, हे विचारून घ्यावं. दुसऱ्या प्रकारात जंतू मारायची जबाबदारी त्याच्यावर नसते.

जुनी पाऱ्याची नळी बदलल्यावर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, फोडू तर मुळीच नये. ती सर्व्हिसिंगवाल्याकडे परत द्यावी किंवा ई-कचऱ्यात. उघड्या पेटलेल्या नळीकडे बघू नये, डोळ्यांना इजा होते. आणि नवी बसवली की त्या दिवसाची तारीख मार्कर पेननं यंत्राच्या बाजूला लिहून ठेवावी, कारण करारावरचा कागद वर्षभरानं कुणालाच सापडत नाही.